गुंडावरचं नाव

मोफत कायदेशीर मदत म्हणजे गरिबाच्या तोंडाला पुसलेली पानं, असं मी छापलेलं आहे. पिवळा कागद, वर जाड अक्षरात 'न्याय कुणाचा?', आणि खाली मोजता येणार नाहीत इतकी उद्गारचिन्हं. चंद्रपूरच्या बसस्टँडवर, कोर्टाच्या फाटकाबाहेर, गडचिरोलीच्या बाजारांमध्ये ते पत्रक मी स्वतः वाटलं. वाक्य लहान असावं, त्यात कुणाचं तरी ढोंग उघडं पडावं, आणि वाचणाऱ्यानं मूठ आवळावी, एवढंच मला लिहिण्याबद्दल शिकवलेलं होतं. भद्रावतीच्या कॉलनीत, विहारातल्या अभ्यासवर्गात शिकले ते. आता जे सांगायचं आहे ते पत्रकात बसत नाही. मी दोनदा बसवून पाहिलं.

ती बाई मला बाजारातच भेटली. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावचा आठवडी बाजार, टेंभरांचे, म्हणजे तेंदूच्या फळांचे दिवस. पिवळीधमक टेंभरं टोपलीत घेऊन ती झाडाखाली बसली होती. पन्नाशीच्या पुढची, कपाळ मोकळं, पदर घट्ट खोचलेला. मी पत्रक पुढं केलं. तिनं ते उलटंसुलटं पाहिलं.

"वाच ना व पोरी. मले काय अक्षर येते?"

मी वाचलं. चढ्या आवाजात, कारण हळू आवाजात वाचायची मला सवयच नाही. ती टेंभरांवरच्या माश्या हाकलत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे बायामानसाले वकील फुकट भेटते?"

"भेटतो. पण मी काय म्हणतेय मावशी, तो काही कामाचा नसतो."

"ते पुढचं झालं. भेटते का नाई?"

"भेटतो."

"मंग इतके दिवस कोनी सांगतलं काऊन नाई?"

मोफत मदत कशी कुचकामी आहे हे सांगायला मी कागद छापला होता, आणि तिनं त्यातून ती मदत आहे एवढंच उचललं. मग ती बोलायला लागली आणि टोपली रिकामी होईपर्यंत बोलत राहिली.

नवरा वारून दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेरवी आटोपली आणि दिरानं घराला कुलूप घातलं. घर सासऱ्याचं, मातीचं, वर कवेलूंचं छप्पर. त्याला लागून धानाच्या तीन बांध्या. दोघा भावांचा अर्धा अर्धा हिस्सा. दिराचं म्हणणं असं की मेलेल्या भावाला बायको नव्हतीच. ही कोळशाच्या खाणीकडे भेटली, तिथंच राहिली, म्हणून काही बायको होत नाही. तलाठ्यानं वारस म्हणून तिचं नाव घेतलं नाही. कागद दाखवा म्हणाला. आणि कागद नव्हता. दोघं नवरा-बायको वीस वर्षं खाणीवर ठेकेदाराकडे राबत होती, झोपडीत राहायची. खाण वाढली, झोपड्या उठल्या, कागदांची पेटी गेली. गावातलं रेशनकार्ड दिराच्या हातातलं, त्यात ती कधी चढलीच नाही. आधारकार्डावर नवऱ्याचं नाव होतं, पण ते तिनं स्वतः सांगून लिहून घेतलं असं दिराचं उत्तर तयार होतं. लग्नात फोटो काढला नव्हता. तिचे आईबाप गेले, मामा गेला, सासरा गेला. भाऊ तेवढा होता, त्याच्याच घरी ती आता राहत होती, पण तो तर बहिणीच्याच बाजूनं बोलणार, असं दीर म्हणायचा. गावातली जी म्हातारी माणसं त्या लग्नात जेवली होती, ती सगळी दिराच्या राइस मिलवर धान घेऊन जातात. कुणी तोंड उघडेना.

मला वाटलं ती आता घराचं म्हणेल, बांध्यांचं म्हणेल. ते नंतर आलं. आधी म्हणाली, "मी ठेवलेली नाई व. लगन झालं माह्यं. मांडवात झालं, गावजेवन झालं. मेल्यावर मले ठेवलेली म्हनते. माह्या मानसालेच काय म्हनून राह्यला हा?"

तिला बायको म्हणून नाव लागायला हवं होतं. घर आणि धान त्या नावाच्या मागून येणार होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या कोर्टात गेलो. तिच्या गावाहून दोन बस. मोफत मदतीचा फलक पाणी थंड करायच्या मशीनच्या मागं होता. तो वाचायचा तर आधी पाणी प्यायला वाकावं लागे. खिडकीतल्या माणसानं उत्पन्नाचा दाखला मागितला. बाईमाणसाला दाखला लागत नाही, कितीही उत्पन्न असलं तरी वकील मिळतो, हे मला ठाऊक होतं, कारण टीका करायला म्हणून मी तो कायदा घोकून ठेवला होता. मी कलम सांगितलं. जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. आजूबाजूचे चार पक्षकार वळून पाहू लागले आणि अर्ज घेतला गेला. मावशी बाहेर येताना म्हणाली, "मी याच्या आधी येऊन गेलो होतो इथी. एकडाव नाई, तीनडाव. दाखला आन म्हने. वकील भेटते हे नाई सांगतलं."

तीनदा, म्हणजे सहा बसगाड्या आणि तीन दिवसांची मजुरी बुडवून ती त्या खिडकीपर्यंत आली होती आणि चुकीचं उत्तर घेऊन परत गेली होती. जो कायदा तिच्यासाठी होता, तो त्या खिडकीतून बाहेर यायलाच तयार नव्हता. यावर मी आजही भांडेन.

पॅनेलवरची वकील बाई मिळाली. स्कूटरवर आली, हेल्मेट काढलं, केस चपटे झालेले. मी मनात घड्याळ लावलं. पाच मिनिटांत सही घेऊन ही पळणार. ती कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली पारावर बसली, मावशीला शेजारी बसवलं, आणि पहिला प्रश्न विचारला,

"लग्नात जेवण काय होतं?"

मला हसू आलं. मावशीला नाही आलं. "भात, वांग्याची भाजी, बुंदी. बुंदी उरली होती."

"वाढायला कोण होतं?"

"माह्या मामाचा पोरगा, तो बी आता नाई. आन दीर. तवा लाहान होता, शाळेत जाये. द्रोन वाटत होता."

"मांडव कुठल्या लाकडाचा?"

"लाकूड सालईचं, वरतं जांभूळ घातलं होतं. जांभूळ लागतेच ना."

तासभर हे चाललं. वकील बाई काहीच लिहून घेत नव्हती. मला राहवेना. मी म्हणाले, "मॅडम, मुद्द्याचं विचारा ना." तिनं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "मुद्दाच शोधतेय. तुम्हाला तो आधीच माहीत असेल तर सांगा."

"आहेर काय आला?" तिनं मावशीला विचारलं.

आता मावशीनं डोळे मिटले आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा मांडव उघडला. कोणी कुठलं भांडं दिलं, ते एकामागून एक सांगत गेली. आत्यानं कोपर, चुलतीनं गंज, शेजाऱ्यांनी मिळून परात, मामानं दोन गंगाळं. "आन मामंजीनं गुंड देल्ला. पितळी, पान्याचा. चांदा जाऊन आनला. मंडपात सगळ्याइच्या पुढं देल्ला मले."

"सासऱ्यांनी? तो गुंड आता कुठं आहे?"

"भावाच्या इथी. त्याच्यात मी मोहफुलं ठेवतो. घरातून निघालो तवा पान्याले लागन म्हनून तेवढा डोक्यावर घेतला."

"त्यावर नाव आहे?"

"असंन बापा. कोन्या भांड्यावर नसते? पंगतीले गेलं तं वापस यायले पायजे ना."

मावशीला अक्षर येत नव्हतं. बत्तीस वर्षं तिनं त्या गुंडानं पाणी आणलं, खाणीवर नेला, परत आणला. तो ती ओळखायची बुडाच्या पोचावरून. त्याच्या गळ्याखाली काय कोरलंय हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांच्याच भांड्यांवर काहीतरी असतं.

वकील बाईनं मला सांगितलं की पुराव्याच्या कायद्यात याला जागा आहे. नात्याबद्दलचा मजकूर ज्या वस्तूंवर माणसं एरवी लिहीत आलेली आहेत, थडग्याचा दगड, घरातली तसबीर, अशा वस्तूंवर आता हयात नसलेल्या माणसानं वाद उभा राहायच्या आधी लिहून ठेवलं असेल, तर ते कोर्ट वाचू शकतं. मी कायदा घोकलेली मुलगी. ही ओळ मी वाचली होती आणि पुढं गेले होते. कधीकाळी, कुठल्यातरी टेबलावर, एका माणसानं कायदा लिहिताना थांबून विचार केला होता की ज्यांच्याकडे कागद नसतो ती माणसं कुठं लिहितात. मी त्या पारावर बसल्या बसल्या पहिल्यांदा एखाद्या कलमापुढं गप्प झाले. राग यायला जागाच सापडेना.

गुंड मी आणला. मोहाच्या वासानं बस भरून गेली, कंडक्टरनं दोनदा संशयानं पाहिलं. बाहेरून काळाकुट्ट, कानाकोपऱ्यात हिरवा. गळ्याखाली गोलाकार अक्षरं होती, ठिपक्या-ठिपक्यांची, पण मळ आणि काजळीनं बुजलेली. बोटाला लागत होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हती. आणि इथं मी माती खाल्ली.

मला वाटलं न्यायाधीशांना स्पष्ट वाचता आलं पाहिजे. पत्रकाचं डोकं ते. मथळा ठळक हवा. आधी चिंच आणि राख लावून घासलं. मग समाधान होईना म्हणून चंद्रपूरला नेऊन बाजारातल्या एका दुकानात मशीनवर बफ मारून घेतला. गुंड असा झळकला की त्यात माझं तोंड दिसलं. अक्षरं सगळी उघडी पडली. नवऱ्याचं नाव, मग तिचं नाव 'सौ.' लावून, मग 'सूनबाईस सासऱ्याकडून, विवाहाप्रीत्यर्थ', आणि तारीख. मी ते फोनवर मावशीला वाचून दाखवलं. पलीकडून आधी टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "माह्यं नाव हाये त्याच्यात? मामंजीनं टाकलं?"

"तुमचंच. सौ. लावून."

"अजून एकडाव वाच."

दावा लागला, आणि तारखेला गुंड कोर्टात ठेवला. दिराच्या वकिलानं तो उचलला, खिडकीकडे धरला आणि हसला.

"साहेब, बत्तीस वर्षांचं भांडं म्हणतात. हे तर मागच्या आठवड्यात दुकानातून निघालंय. भांडं जुनं असलं तरी अक्षरं आजची आहेत. बाजारात पाच मिनिटांत कोरून मिळतात."

न्यायाधीशांनी गुंड पाहिला, मग आमच्या वकील बाईकडे पाहिलं. "हे चमकवलं कुणी?"

खाली उतरल्यावर वकील बाईनं मला पायऱ्यांवर थांबवलं. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "त्यावरचा मळ हा पुरावा होता. बत्तीस वर्षं साठलेला. तुम्ही तो चिंचेनं धुतला."

मी मावशीला काय सांगू? तिच्या हातातला एकुलता एक शब्द मी घासून टाकला होता. मी सांगितलं. जसं घडलं तसं. ती गुंडाच्या पोटावरून हात फिरवत राहिली. "चांगला उजागर केला व पोरी," म्हणाली. टोमणा होता का कौतुक, मला आजही कळलेलं नाही. मग म्हणाली, "ज्यानं नाव टाकलं त्याले पुस ना. त्याले तं ठाऊक असंन आपलं काम."

"कोण होता तो?"

"मले काय मालूम. मामंजी म्हने, चांद्याले किल्ल्याच्या आतल्या बाजारात, भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर एक मुसलमान कारागीर बसते, त्याच्या हातचं नाव मिटत नाई म्हने."

बत्तीस वर्षांपूर्वीचा पायरीवरचा कारागीर. चांदा म्हणजे जुनं चंद्रपूर, तिथल्या परकोटाच्या आतल्या गल्ल्या मी दोन दिवस पालथ्या घातल्या. गुंड कापडात गुंडाळून काखेत. भांड्यांच्या दुकानात आता विजेची पेन्सिल असते, गर्र करते आणि नाव निघतं. हातानं ठोकणारा कुणी उरलेला नाही, असं चार दुकानांनी सांगितलं. पाचव्यानं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथं मुलाच्या काउंटरमागं एक म्हातारे चाचा स्टुलावर बसले होते, पांढरी दाढी, जाड चष्मा.

मी कापड सोडलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मला वाटलं लावतील, त्यांनी काढला. डोळे मिटले आणि अंगठा अक्षरांवरून हळूहळू नेला, गळ्याभोवती पूर्ण एक फेरा. मग अंगठा थांबला.

"बफ कोनी मारला?"

"मी."

"गधेपना केला बेटा. कड गेली सगळी. पन खोल गेलेलं हाये, ते कुठी जाते?" पुन्हा अंगठा फिरवला. "हा माझा हात आहे."

"चाचा, नक्की?"

"तुमची सही तुम्ही विसरता का?" मग मला समजावलं. हातानं नाव टाकताना बारीक छिन्नी एका ठिपक्यावर दोनदा बसवायचे ते. एकदा हलकी, एकदा खोल. त्यांच्या उस्तादांनी तसं शिकवलं होतं. बाकीचे एकदाच ठोकायचे, पटकन व्हायचं. दोनदा ठोकलेल्या ठिपक्याच्या तळाला बारीक पायरी असते. नखानं लागते. मी नख लावलं. खरंच लागली. एवढ्याशा ठिपक्यात पायरी, आणि असे दीडशे-दोनशे ठिपके, एका सुनेच्या गुंडावर, कुणी कधी बघणार नाही अशा ठिकाणी.

"कोर्टात येऊन हे सांगाल?" मी भीत भीत विचारलं. मुलगा काउंटरवरून लगेच म्हणाला, "अब्बा, कशाला लफड्यात पडता?" चाचांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "त्या बाईचं लग्न झालं होतं?"

"झालं होतं."

"मग नाव मी टाकलं ना. आता ते खोटं आहे म्हणतात तर मला जावंच लागेल. माझ्या हाताला खोटं म्हणून राह्यले ते."

साक्षीच्या दिवशी चाचा धुतलेला कुर्ता घालून आले, खिशात तंबाखूच्या जुन्या पिशवीत छिन्नी आणि छोटी हातोडी. त्यांनी ठिपक्यांचं सांगितलं. मग दिराचा वकील उठला.

"तुम्हाला मराठी वाचता येतं?"

"नाही साहेब. उर्दू येते थोडी."

वकील समाधानानं कोर्टाकडे वळला. "वाचताच येत नाही. मग या भांड्यावर काय लिहिलंय ते तुम्ही कसं सांगता?"

"मी कुठी सांगतो काय लिहिलं? गिऱ्हाईक चिठ्ठी आणायचं, चिठ्ठीवरचं चित्र पाहून मी तसंच भांड्यावर काढायचो. काय लिहिलं ते तुम्ही वाचा, तुम्ही शिकलेले. ते मी लिहिलं, एवढंच मी सांगतो."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं आणि पट्टेवाल्यानं डोळे वटारले. वकिलानं सोडलं नाही. "म्हणजे मागच्या महिन्यातही तुम्हीच कोरून दिलं असू शकतं. या बाईंच्या सांगण्यावरून."

मला वाटलं संपलं. याला काय उत्तर आहे? चाचांनी खिशावर हात ठेवला. मग न्यायाधीशांकडे पाहून म्हणाले, "साहेब, एक भांडं मिळेल का?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दिराच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती नोंदवून घ्यायला सांगितली आणि पट्टेवाल्याला खूण केली. तो पाणी प्यायचा पितळी तांब्या घेऊन आला आणि चाचांच्या कानाशी पुटपुटला, "हळू जी, सरकारी आहे." वकील बाईनं चिठ्ठीवर गुंडावरचीच पहिली दोन अक्षरं लिहून दिली. चाचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच खाली बसले, मांडी घातली, तांब्या दोन पायांत धरला, आणि ठोकायला लागले.

टिक, टिक. टिक, टिक. प्रत्येक ठिपक्याला दोनदा. एरवी त्या खोलीत पंखा आणि कागदांची कुजबूज असते. स्टेनोनं टाइप करायचं थांबवलं. बाहेर पुकाऱ्याची वाट बघणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. चाचांचा हात हलत होता. छिन्नी ठिपक्यावर बसायची आणि दुसऱ्या ठोक्याला थोडी सरकायची. दोन अक्षरांना बराच वेळ गेला. त्यांनी तांब्या वर दिला.

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर सरकवला, तांब्या आणि गुंड शेजारी शेजारी धरले आणि नख लावून पाहिलं. आधी गुंडाला, मग तांब्याला. तांब्यावरच्या ठिपक्यांनाही तळाशी पायरी होती. पण रांग वाकडी होती, अक्षर झिंगल्यासारखं. गुंडावरचं अक्षर दोरी लावल्यासारखं सरळ.

"बघा साहेब," चाचा खालूनच म्हणाले, उठायला त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. "काम माझंच आहे. पण हात कोणता आहे ते बघा. पंधरा-सोळा वर्षं झाली, हात हलतो. त्यापायीच काम सोडलं, मुलाला विचारा. त्या गुंडावरची लाइन मला आता मरेपर्यंत येणार नाही. मागच्या महिन्यात कुठून येईल?"

दिराच्या वकिलानं कागद चाळले आणि 'आणखी प्रश्न नाहीत' म्हणून बसला. न्यायाधीशांनी स्टेनोला सांगायला सुरुवात केली, हळू, एकेक शब्द. साक्षीदारानं कोर्टासमोर प्रत्यक्ष करून दाखवलं, ठोक्याची पद्धत सारखी, हाताचा कंप उघड. मी आयुष्यभर ज्या यंत्रणेला झोडपत आले, ती एका म्हाताऱ्या कारागिराच्या थरथरीची नोंद घेत होती. मला कुठं बघावं कळेना. मी जमिनीकडे बघत राहिले. पायाखालच्या फरशीवर पितळेचे बारीक कण पडले होते.

परतताना चाचांना मी ऑटोत बसवलं. त्यांना एकच काळजी. "तांब्या खराब झाला त्यांचा." पुढच्या तारखेला मी पाहिलं, तो तांब्या न्यायाधीशांच्या टेबलावर होता. पाणी त्यातूनच पीत होते.

एक सांगून टाकते. मोफत मदतीवरचं ते पिवळं पत्रक मी पुन्हा छापलं नाही. नवं लिहिलं, विनारंगाच्या कागदावर, विनाउद्गारचिन्ह. बाई असाल तर वकील मिळतो. दाखला लागत नाही. खिडकीवर परत पाठवलं तर नाव विचारून घ्या. घरातल्या जुन्या भांड्यांवरचं लिहिणं कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि ती घासू नका. शेवटची ओळ छापखान्यातल्या माणसानं दोनदा विचारून घेतली. मोफत वकिलाला अजून सुनावण्यांना यायचं भाडं उशिरा मिळतं, फलक अजून मशीनच्या मागंच आहे, आणि जंगलातल्या गावाहून यायला अजून दोन बस लागतात. त्यावर माझा राग शाबूत आहे. पण आता तो नेमका कुठं लावायचा ते मला कळतं.

निकाल सुनावला त्या दिवशी मावशी नवं लुगडं नेसून आली होती. निकाल इंग्रजी-मराठीत, वाक्यं लांबच लांब. ती उभी राहून एकेका तोंडाकडे बघत होती. वकील बाईनं कोर्ट उठल्यावर व्हरांड्यात सांगितलं, "मावशी, दावा मंजूर झाला. तुम्ही त्यांच्या बायको आहात असं कोर्टानं जाहीर केलं. घराचा आणि बांध्यांचा त्यांचा हिस्सा तुमचा. कुलूप काढायचा हुकूम आहे. दिरांना वरच्या कोर्टात जाता येतं, तेवढे दिवस थांबावं लागेल." दीर वरच्या कोर्टात गेला नाही, पण ते त्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हतं. तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला वकिलाशी भांडत होता.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. घराचं ऐकलं, बांध्यांचं ऐकलं. मग वकील बाईच्या काळ्या डगल्याची बाही धरून विचारलं, "म्हंजे आजपासून मी त्याची बायको?"

"आजपासून नाही, मावशी. कोर्ट म्हणतंय की लग्न झालं त्या दिवसापासूनच तुम्ही होत्या."

तिनं बाही सोडली. पदर डोक्यावर नीट घेतला.

"मंग कोर्टाले आज समजलं म्हना," ती म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून पायऱ्या उतरायला लागली.